हिन्रिक्सांच्या शेतावरचं जेवण

कर्ट हिन्रिक्स ऑगस्टच्या मध्याला गेला आणि त्याचा मका शेतात उभाच राहिला. ऑक्टोबरात कणसं वाळून माना टाकू लागली, तेव्हा माझा नवरा ड्वेन एका संध्याकाळी फोनपाशी जाऊन बसला. एकेकाला फोन लावायचा आणि म्हणायचा, "शनिवारी कर्टचं काढून टाकू." समोरून "किती वाजता?" एवढंच यायचं. एकाचं स्वतःचं सोयाबीन अजून निम्मं शेतात होतं, तोही म्हणाला, "माझा ट्रक धरून चल."

दुसऱ्या दिवशी मी मार्लाकडे गेले. आमचं नि त्यांचं कुंपण एकच आहे. कर्टचं जुनं जाकीट अंगात घालून ती मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती.

"शनिवारच्या जेवणाचं चर्चच्या बायका बघतील," मी म्हणाले. "तू नुसती बस."

"बसून काय करू, लोइस? दोन महिने बसलेच आहे." तिने तोंडातला चिमटा काढून दोरीला लावला. "जेवण मी करणार. टॅव्हर्न करते."

टॅव्हर्न म्हणजे बनमध्ये भरलेला रसदार खिमा. शहराकडून येणारे त्याला स्लॉपी जो म्हणतात, पण आमच्या भागात टॅव्हर्नच. बारसं असो, मयत असो, शाळेचा सामना असो, खायला तेच.

"तीसेक माणसं होतील गं," मी म्हणाले.

"फ्रीजर खिम्याने भरलाय. घरच्या गोऱ्ह्याचा. कर्टने वाढवला आणि त्यालाच खायला मिळाला नाही. जे त्याचा मका काढणार त्यांनी तरी खावा." मग म्हणाली, "पण माझ्या भांड्यांत एवढा मावायचा नाही. व्हर्नाचं विजेवरचं मोठं रोस्टर लागेल."

"विचारलंस तिला?"

"तू विचार," ती म्हणाली आणि पुढचा कपडा झटकला.

व्हर्ना म्हणजे कर्टची आई, मार्लाची सासू. मयताच्या दिवसापासून दोघींमध्ये कामापुरतंही बोलणं राहिलं नव्हतं. कारण सगळ्या गावाला माहीत होतं. कर्टच्या स्वादुपिंडाचा आजार मार्चमध्ये कळला. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. कर्टने घरी येऊन मार्लाला म्हटलं, आईला सांगायचं नाही. दोनच वर्षांपूर्वी व्हर्नाने नवऱ्याला अंथरुणावर झिजत जाताना बघितलं होतं, सगळं तिने एकटीने केलं होतं. "तिला एवढा वसंत तरी जाऊ दे," कर्ट म्हणाला. "पेरणी होऊ दे. मग सांगू." मार्लाने शब्द दिला.

तो बारीक होत चालला ते व्हर्नाला दिसत होतंच. त्याने अल्सर आहे म्हणून सांगितलं. ईस्टरच्या जेवणाला व्हर्नाने त्याची कॉफी काढून घेतली आणि टेबलावर सगळ्यांदेखत त्याला झापलं की बापासारखा पोटाची हेळसांड करतोस. त्याने मान खाली घालून ऐकून घेतलं. मार्ला शेजारी बसली होती. खरं काय ते जुलैत, चार तारखेची स्वातंत्र्यदिनाची आतषबाजी झाल्यावर, कर्टने आईला सांगितलं. त्यानंतर तो सहा आठवडे जगला.

व्हर्नाने मुलाला काही म्हटलं नाही. मयत झाल्यावर, चर्चच्या तळघरात बायका कॉफी ओतत असताना, ती मार्लाला म्हणाली, "ईस्टरला मी त्याला ओरडत होते आणि तू मला ओरडू दिलंस." एवढंच. मग आपली पर्स घेऊन निघून गेली.

तर मी व्हर्नाला फोन केला. शनिवारचं सांगितलं, रोस्टरचं सांगितलं.

"माझं रोस्टर मी दुसऱ्याच्या हातात देत नाही," ती म्हणाली. "सोळा वर्षं चाललंय ते मला, कारण मी देत नाही."

"बरं," मी म्हणाले.

"रोस्टर जिथे जाईल तिथे मी जाईन. शुक्रवारी दुपारी येते. कांदे तू चिरून ठेव, तिला बारीक चिरता येत नाहीत."

त्या दोघींच्या खिम्याची गंमत सगळ्या गावाला माहीत होती. मार्ला पलीकडच्या परगण्यातली. तिच्या माहेरचा खिमा कोरडा, सुटा, मीठ-कांदा-मोहरी एवढाच. व्हर्नाचा लालभडक, ओला, गोड-आंबट, बनच्या बाहेर वाहणारा. घरात काही कार्य निघालं की टेबलावर दोन भांडी लागायची. व्हर्ना म्हणायची, "मार्लाचा खिमा खायला चमचा लागत नाही, झाडू लागतो." मार्ला म्हणायची, "आणि तुमचा खायचा तर अंघोळीचं पाणी तापत ठेवावं लागतं." कर्ट दोन्ही भांड्यांतला एकेक बन भरून घ्यायचा आणि कोणता चांगला असं कोणी विचारलं की तोंड भरलंय अशी खूण करायचा. वीस वर्षं त्याने या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही.

मग या वर्षी मे महिन्यात एका रविवारी व्हर्ना चर्चमध्ये आली तीच मुळी फुलून. तिची नात, मार्लाची मुलगी केंड्रा शाळा संपवत होती, तिच्या पार्टीसाठी मार्लाने फोन करून सासूची कृती विचारली होती. "वीस वर्षांनी का होईना, अक्कल आली," व्हर्नाने आम्हा प्रत्येकीला गाठून सांगितलं. पाद्रीबाबांनासुद्धा. पार्टीला मार्लाने खरंच एकच भांडं लावलं, लाल खिम्याचं. व्हर्नाने पहिला घास खाल्ला, रुमालाने ओठ टिपले आणि म्हणाली, "चांगला प्रयत्न आहे. हात बसायला वेळ लागतो." मी जवळच उभी होते. आम्ही सगळे हसलो. कर्टही हसला. त्याच्या हातात ताटली होती, तिच्यात अर्धा बन तसाच होता.

शुक्रवारी दुपारी व्हर्नाची गाडी अंगणात शिरली. रोस्टर मागच्या सीटवर पट्टा लावून बसवलेलं. मी आणि केंड्राने ते दोन बाजूंनी धरून आत आणलं. केंड्रा मग ट्रकमध्ये तेल भरायला शेडकडे गेली आणि स्वयंपाकघरात आम्ही तिघी उरलो.

ते स्वयंपाकघर तीस वर्षं व्हर्नाचं होतं. कर्टचं लग्न झाल्यावर ती आणि तिचा नवरा गावातल्या लहान घरात राहायला गेले. तरी तिथे आली की तिचा हात अजून जुन्या जागी जायचा. उलथन्यासाठी तिने चुलीशेजारचा खण ओढला, त्यात मेणबत्त्या आणि दोऱ्याची रिळं निघाली. तिने तो बंद केला. मार्लाने दुसऱ्या खणातून उलथनं काढून तिच्यासमोर ठेवलं.

"कोणाच्या पद्धतीने करायचा?" व्हर्नाने माझ्याकडे बघून विचारलं.

"तुमच्या," मार्ला म्हणाली.

"माझी कीव नको करायला."

"कीव नाही. लोकांना तुमचा आवडतो."

"ते तर आहेच," व्हर्ना म्हणाली आणि पर्समधून एप्रन काढून कमरेला बांधला.

कामाला लागल्यावर जरा सोपं झालं. मार्लाने खिम्याची पाकिटं आदल्या रात्रीच बाहेर काढून ठेवली होती. पांढऱ्या कागदात बांधलेली, प्रत्येकावर खाटकाने निळ्या शाईने हिन्रिक्स लिहिलेलं. व्हर्नाने कच्चा खिमा घमेल्यात घेऊन त्यात थंड पाणी घातलं आणि दोन्ही हातांनी कालवला, म्हणजे शिजताना गोळे होत नाहीत. मार्ला दोन कढयांत तो परतत होती. सुटलेली चरबी मी जुन्या कॉफीच्या डब्यात ओतत होते. खिडकीच्या काचा वाफेने भरल्या. व्हर्ना हुकूम सोडत होती, कांदा आता, अजून नाही, आता. मार्ला तसं तसं करत होती. एकदा तर व्हर्ना म्हणाली, "बरं परततेस," आणि आपण काय बोललो हे लक्षात येऊन घाईने मीठ शोधू लागली.

सगळा खिमा रोस्टरमध्ये गेला. मग केचप, मोहरीची पिवळी चटणी, ब्राऊन शुगर मूठमूठ, आणि भेंडी घातलेल्या कोंबडीच्या सुपाचे डबे. व्हर्नाने ढवळलं. मग फ्रीज उघडून काकडीच्या लोणच्याची मोठी बरणी काढली, झाकण फिरवलं, एका हाताने काकड्या अडवून धरल्या आणि दुसऱ्या हाताने बरणीतलं आंबट पाणी भसाभसा खिम्यात ओतलं. ते करताना ती बरणीकडे बघतही नव्हती. मला बन अजून आले नाहीत का, असं विचारत होती.

"हे काय घातलंत?" मार्ला म्हणाली.

"काय म्हणजे? काकडीचं पाणी."

"हे तुम्ही मला सांगितलं नव्हतं."

"कधी?"

"मेमध्ये. फोनवर विचारलं तेव्हा."

"राहिलं असेल." व्हर्नाने बरणीचं झाकण लावलं. मग गालात हसून म्हणाली, "आणि सगळंच सांगून टाकलं तर मला सासू कोण म्हणेल?"

मीही हसले. मार्ला हसली नाही. तिने हातातला चमचा ओट्यावर ठेवला आणि खुर्ची ओढून बसली. तिचा चेहरा असा झाला की मी आधी रोस्टरचं बटण कमी केलं.

"काय झालं?" व्हर्ना म्हणाली. "एवढ्या तेवढ्यावरून..."

"ते पार्टीसाठी नव्हतं, व्हर्ना."

"काय?"

"फोन केला होता तो. पार्टी हे निमित्त. त्याला तुमच्या हातचा खिमा खावासा वाटत होता." मार्ला सावकाश बोलत होती, टेबलावरच्या कांद्याच्या सालांकडे बघत. "एप्रिलपासून त्याच्या पोटात काही ठरत नव्हतं. सूप नाही, अंडं नाही, काही नाही. एक दिवस शेतावरून आला आणि म्हणाला, आईच्या हातचं टॅव्हर्न मिळालं तर खाईन असं वाटतंय. मी म्हणाले, लावते फोन, घेऊन येतील तासाभरात. तर म्हणाला, नको. नुसती कृती विचार. कोणासाठी ते सांगू नको, ती ओळखेल. केंड्राच्या पार्टीचं सांग."

व्हर्ना उभी होती. बरणी तिच्या हातातच होती.

"मग मी करू लागले. दर आठवड्याला थोडा थोडा. बनशिवाय, वाटीत. तो दोन चमचे खायचा आणि म्हणायचा, जवळ आलंय. मी साखर वाढवली. लिंबू पिळलं. व्हिनेगर घातलं, ते तर फारच बिघडलं. तरी खायचा, आणि म्हणायचा, जवळ आलंय, थोडंच राहिलंय. मला वाटलं, माझ्याच हाताला नाही ते."

"जुलैत मी घेऊन आले होते," व्हर्ना म्हणाली. "त्याने सांगितलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी. डबा भरून."

"तेव्हा त्याला पाणीसुद्धा घोटघोट कसंबसं जात होतं."

"त्याने बाजूला सारला. मला वाटलं, नको आहे."

"हवा होता. मे महिन्यात हवा होता."

व्हर्नाने बरणी ओट्यावर ठेवली. दोन्ही हात एप्रनला पुसले, ते ओले नव्हते तरी.

"फोनवर मी विसरले का मुद्दाम गाळलं, मला खरंच आठवत नाही," ती म्हणाली. "हाताने होतं ते, तोंडाने सांगायची सवय नाही. पण पार्टीत मला कळलं. पहिल्या घासालाच कळलं, काय राहिलंय ते. आणि मी गप्प बसले. मला बरं वाटलं."

मार्ला टेबलावरची कांद्याची सालं गोळा करू लागली.

"माझ्या शेजारी उभा होता तो," व्हर्ना म्हणाली. "ताटली घेऊन."

"हो."

शेडकडून केंड्राने ट्रक चालू केल्याचा आवाज आला. मग व्हर्नाचा चेहरा बदलला. ती टेबलाशी आली आणि मार्लाच्या समोर उभी राहिली.

"तू मला सांगायला हवं होतंस," ती म्हणाली. "मी रोज आले असते. पहाटे उठून केलं असतं. दिवसातून तीनदा केलं असतं. एक शब्द सांगितला असतास तर त्याला मिळालं असतं."

"त्याने शब्द घेतला होता माझ्याकडून."

"तो आजारी होता. आजारी माणूस काहीही शब्द घेतो. तू तर आजारी नव्हतीस."

मार्लाने मान वर केली. "नव्हते," ती म्हणाली. "रोज रात्री वाटायचं, उद्या सांगते. सकाळी तो उठायचा, बूट घालायचा आणि पेरायला जायचा. मग माझी हिंमत व्हायची नाही."

मी तिथे नसते तर बरं झालं असतं. पण खिमा खाली लागत होता, त्याचा वास येऊ लागला होता, म्हणून मी उठून ढवळला. व्हर्ना मागच्या दारातून बाहेर गेली. खिडकीतून दिसत होतं, कोंबड्यांच्या रिकाम्या खुराड्यापर्यंत गेली आणि तिथे पाठ करून उभी राहिली. समोर मका होता, वाळून तांबूस झालेला, वाऱ्याने खसखसणारा. मार्ला खुर्चीवरून उठली नाही. मी बनांसाठी जागा करत राहिले, पुसलेला ओटा पुन्हा पुसत राहिले.

व्हर्ना परत आली तेव्हा तिचं नाक थंडीने लाल झालं होतं. ती सरळ रोस्टरशी गेली, एका लहान वाटीत दोन चमचे खिमा घेतला आणि मार्लासमोर ठेवला.

"चाखून बघ," ती म्हणाली.

"नको."

"चाख. मीठ बघ."

मार्लाने चमचा तोंडात घातला. ती मीठ बघत नव्हती, हे आम्हा दोघींना कळत होतं. तिने तो घास बराच वेळ तोंडात ठेवला. मग गिळला आणि म्हणाली, "हे होय." आणि टेबलावर डोकं टेकून रडू लागली. मयतालाही ती अशी रडली नव्हती. व्हर्नाने तिला जवळ घेतलं नाही. ती तशी बाई नव्हती. पण शेजारची खुर्ची ओढून बसली, आणि मार्ला शांत होईपर्यंत बसून राहिली.

शनिवारी उजाडता उजाडता रस्त्यावर हार्वेस्टरांची रांग लागली. पाच आले, ट्रक वेगळे. थंड, कोरडा दिवस होता, धूळ सरळ वर जात होती. ड्वेनने कोणी कुठून शिरायचं ते हाताने दाखवलं आणि सगळे आत शिरले.

दुपारपर्यंत निम्म्याहून जास्त झालं. माणसं जेवायला अंगणात आली. व्हर्ना रोस्टरशी उभी राहून बन भरत होती, मार्ला ताटल्या देत होती. कोणी गवतावर बसलं, कोणी ट्रकच्या फळीवर. सगळ्यांच्या बोटांवरून रस वाहत होता.

"ड्वेन, हा तिसरा का?" कोणीतरी म्हणालं.

"दुसरा," ड्वेन म्हणाला.

"मग तुझ्या शर्टावर सांडलाय तो कोणाचा?"

हसणं झालं. कर्टच्या अंगणात दोन महिन्यांनी कोणी हसत होतं. मग म्हातारा अर्लिन बोलून गेला. पंचाहत्तरीचा माणूस, जन्मभर शेती केलेला, मनात वाईट काही नाही. तो म्हणाला, "कर्ट एवढा सरळ पेरणारा माणूस, पण यंदा पश्चिमेकडच्या ओळी वाकड्या आहेत बघ. हार्वेस्टर सारखा वळवत न्यावा लागतो."

शेजारच्याने त्याला कोपराने ढोसलं. अर्लिनला कळलं आणि तो ताटलीत बघू लागला.

"त्याला मध्येच थांबावं लागायचं," मार्ला म्हणाली. ती ताटल्या मोजल्यासारखं करत होती. "ट्रॅक्टरवरून उतरायचा, ओकायचा, जरा चाकाला टेकून बसायचा, पुन्हा चढायचा. पुन्हा सुरू करताना ओळ धरता यायची नाही."

व्हर्नाने हातातला बन खाली ठेवला.

"कुठे?" तिने विचारलं.

मार्लाने ताटल्यांची चळत सरळ केली.

"ड्वेन, कुठे आहेत त्या ओळी?"

"पश्चिमेला, ओढ्याच्या अंगाला," ड्वेन म्हणाला. "अजून काढायच्या आहेत त्यातल्या काही."

"मला ने."

"व्हर्ना, हार्वेस्टरची शिडी उंच आहे वर चढायला."

"तुझा जन्म व्हायच्या आधीपासून मी शेतावर आहे," ती म्हणाली. "ने मला."

ड्वेनने खालून हात दिला आणि ती चढली. एप्रन तसाच होता. मी आणि मार्ला चालत त्यांच्या मागे शेताच्या कडेपर्यंत गेलो.

ड्वेनने मला नंतर सांगितलं. वरून ओळी स्पष्ट दिसत होत्या. सरळ जात जात एका जागी किंचित डावीकडे वळायच्या आणि मग हळूहळू पुन्हा सरळ व्हायच्या. थोड्या अंतरावर पुन्हा तसंच. ड्वेन यंत्र अगदी हळू चालवत होता. दर वळणाला व्हर्ना विचारायची, "इथे?" आणि तो म्हणायचा, "हो, इथे." शेवटच्या वळणाशी तिने त्याला थांबायला सांगितलं. इंजिन चालू होतं. ती काचेतून खाली बघत राहिली. मग म्हणाली, "काढ आता," आणि त्याने काढलं.

ती खाली उतरली तेव्हा मार्ला बांधावर उभी होती. शिडीची शेवटची पायरी व्हर्नाला सापडेना. मार्लाने पुढे होऊन तिचा पाय धरून पायरीवर ठेवला. दोघी अंगणाकडे परत चालत गेल्या, मी जरा मागे राहिले. व्हर्ना काहीतरी विचारत होती, मार्ला मान हलवत होती.

संध्याकाळपर्यंत शेत मोकळं झालं. लोक हात वर करून आपापली यंत्रं घेऊन गेले. घरापासून ओढ्यापर्यंत सगळं दिसू लागलं. रोस्टर आम्ही तिघींनी मिळून धुतलं, व्हर्नाने ते स्वतः पुसलं आणि पुन्हा पट्टा लावून सीटवर बसवलं.

त्या दोघींनी एकमेकींची क्षमा मागितली का, मला माहीत नाही. मागितली असेल असं वाटत नाही. पुढच्या वर्षीपासून ती जमीन आम्ही खंडाने करू लागलो, मार्लाने नोव्हेंबरातच शाळेत नोकरी धरली, केंड्रा वर्षभराने कॉलेजला गेली. मात्र त्या हिवाळ्यात दर गुरुवारी शाळा सुटली की मार्ला गावात व्हर्नाच्या घरी जायची. मार्लाने मला सांगितलं, पहिल्या गुरुवारी व्हर्नाने कॉफी ओतली, समोर बसली आणि म्हणाली, "मार्चपासून सांग. काही गाळू नको." मार्लाने सांगायला सुरुवात केली. डॉक्टरांच्या खोलीत कर्ट कुठे बसला होता, काय बोलला, घरी येताना गाडी कोणी चालवली. ईस्टरच्या आदल्या रात्री तो काय म्हणाला. ईस्टरच्या जेवणानंतर घरी जाताना तो गाडीत हसला होता आणि म्हणाला होता, आईच्या आवाजात अजून दम आहे, हेही तिने सांगितलं. तिथे व्हर्ना उठून आतल्या खोलीत गेली आणि बऱ्याच वेळाने परत आली. आली ती म्हणाली, "पुढे?"

कधी एका गुरुवारी एकच दिवस सांगून व्हायचा. कधी बर्फामुळे जाता यायचं नाही, मग फोनवर. कुठे काही चुकलं तर मार्ला पुढच्या वेळी दुरुस्त करायची. असं करत करत फेब्रुवारीच्या अखेरीला ती जुलैच्या चार तारखेपर्यंत आली. अंगणात केंड्रा फुलबाज्या लावत होती आणि कर्ट पायरीवर बसून म्हणाला होता, उद्या आईकडे जाऊन येतो.

"इथून पुढचं मला माहीत आहे," व्हर्ना म्हणाली. "इथून मी होतेच."

त्यानंतर सांगायचं काही राहिलं नव्हतं. तरी पुढच्या गुरुवारी मार्ला गेली. कॉफी झाली. टीव्हीवर हवामान लागलं होतं, ते दोघींनी बघितलं.